चेस की सूएल? ढासळलेली ऑफेन्सिव्ह लाइन पुन्हा कशी उभी राहते

प्रश्न असा आहे : अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगच्या २०२१ च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने, फेऱ्याफेऱ्यांनी नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) सिनसिनाटी बेंगल्सने पाचव्या क्रमांकावर पेनेई सूएल हा टॅकल सोडून जमार चेस हा वाइड रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) घेतला, ते बरोबर होते का? आणि ज्या संघाची ऑफेन्सिव्ह लाइन मोडकळीला आली आहे, त्याने पहिल्या फेरीतली निवड त्या फळीवरच खर्च करावी का? ओहायोतल्या एका हायस्कूल संघाच्या ऑफेन्सिव्ह लाइनला मी बरीच वर्षे शिकवत आलो आहे. त्या वसंत ऋतूत आमच्याकडे याच वादावरून मित्रामित्रांमध्ये अक्षरशः दोन तट पडले होते आणि आजही तो वाद पुरता मिटलेला नाही. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

माझे मत आधीच सांगतो. चेसची निवड बरोबर होती. चूक झाली ती दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या फेरीत. शिवाय ती एका दिवसाची चूक नव्हती, तिची सुरुवात २०१५ मध्ये झाली होती. सूएल घ्यावा म्हणणाऱ्यांना फळी दुबळी आहे हे अचूक दिसले होते. ती कुठे दुबळी आहे, याकडे मात्र त्यांचे लक्ष नव्हते.

ज्यांनी हा खेळ अलीकडेच पाहायला सुरुवात केली आहे त्यांच्यासाठी थोडक्यात : क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला, सांभाळणाऱ्या या ऑफेन्सिव्ह लाइनच्या फळीत पाच जण असतात. मधोमध सेंटर, जो चेंडू स्नॅप करतो, म्हणजे मागे देऊन खेळ सुरू करतो. त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि दोन्ही टोकांना टॅकल. टोकाला उभ्या राहणाऱ्या टॅकलला जास्त पैसे मिळतात आणि ड्राफ्टमध्ये तो आधी उचलला जातो, कारण त्याला वेगवान खेळाडूंना मोकळ्या जागेत एकट्याने तोंड द्यावे लागते. त्यामुळे चाहत्यांच्या चर्चेतही लाइन म्हटले की टॅकल असाच अर्थ धरला जातो. बेंगल्सच्या बाबतीत नेमकी इथेच गल्लत झाली.

२२ नोव्हेंबर २०२० रोजी वॉशिंग्टनविरुद्ध बेंगल्सच्या जो बरो याचा डावा गुडघा निकामी झाला. त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेला हा क्वार्टरबॅक तोवर दहा सामन्यांत ३२ वेळा सॅक झाला होता, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडला गेला होता. तो प्रसंग पुन्हा पाहिला तर दिसते की टोकाकडून दबाव होताच, पण गुडघ्यावर जो भार आदळला तो आतून, लेफ्ट गार्डच्या जागेवरून मागे रेटल्या गेलेल्या माणसांचा होता. पुढच्या वर्षीच्या प्लेऑफमध्ये टेनेसी टायटन्सविरुद्ध बरो एका सामन्यात ९ वेळा सॅक झाला. त्यांतले ३ सॅक जेफ्री सिमन्सचे होते, आणि सिमन्स हा मधल्या भागात खेळणारा डिफेन्सिव्ह टॅकल आहे. मग १३ फेब्रुवारी २०२२ ची सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध. बेंगल्स २०-२३ असे मागे होते, सामना संपायला एक मिनिटही उरले नव्हते, चौथा डाउन (म्हणजे शेवटचा प्रयत्न) आणि एक यार्ड हवे होते. आरोन डॉनल्डने लेफ्ट गार्डला बाजूला सारून बरोला धरले, तो फिरवला जात असतानाच त्याने चेंडू कसाबसा भिरकावला आणि सामना संपला. त्याच क्षणी चेस आपल्या बचावपटूला मागे टाकून मैदानात पुढे निघाला होता. बरोला आणखी एखादा सेकंद मिळाला असता, तर चेंडू त्याच्याकडे जाण्याची शक्यता होती.

सूएलसारखा टॅकल संघात असता तर तो या तिन्ही प्रसंगांत टोकाला उभा असता आणि फळी फुटत होती ती आतून. यावर कोणी रास्तपणे म्हणेल की उजवा टॅकल रायली रीफ डिसेंबरमध्ये जायबंदी झाल्यावर उजवे टोक उघडे पडले होते आणि सूएलने ते नक्कीच सांभाळले असते. हे मला पूर्ण मान्य आहे. २०२१ च्या साखळी सामन्यांत बरो ५१ वेळा सॅक झाला, लीगमध्ये सर्वाधिक. प्लेऑफमध्ये आणखी १९ वेळा. सूएल असता तर यातले काही सॅक निश्चित टळले असते. पण चेसचे ८१ झेल, १४५५ यार्ड आणि १३ टचडाउन नसते, तर तो संघ फेब्रुवारीपर्यंत पोहोचलाच नसता, असे माझे मत आहे. चेस आणि बरो २०१९ मध्ये लुइझियाना स्टेटसाठी एकत्र खेळले होते. बरो चेंडू सोडतो तेव्हा चेस अजून वळलेलाही नसतो, अशी त्यांची जुळणी होती. क्वार्टरबॅकला वाचवण्याचा हाही एक मार्ग आहे. सॅकचा सगळा दोष फळीच्या माथी मारण्याची सवय सोडली पाहिजे. चेंडू लवकर सुटला तर दुबळी फळीही पुरते, आणि बरो त्या वर्षी मोठ्या पासच्या आशेने चेंडू बराच वेळ हातात ठेवत होता.

आता दुसऱ्या दिवसाकडे येतो. बेंगल्सकडे दुसऱ्या फेरीत ३८ वा क्रमांक होता. तो त्यांनी न्यू इंग्लंडला देऊन ४६ वा क्रमांक आणि चौथ्या फेरीतल्या दोन निवडी घेतल्या, आणि ४६ व्या क्रमांकावर क्लेम्सनचा जॅक्सन कारमन निवडला. कारमन कॉलेजात लेफ्ट टॅकल खेळला होता आणि त्याला इथे गार्ड करायचे ठरले होते. म्हणजे ज्या जागेवर संघ सर्वांत उघडा होता, तिथे त्यांनी ते काम त्या पातळीवर कधीच न केलेला मुलगा उभा करायचे ठरवले. तो त्या जागेवर कधी स्थिरावला नाही. ओक्लाहोमाचा सेंटर क्रीड हम्फ्री त्या वेळी उपलब्ध होता. तो ६३ व्या क्रमांकापर्यंत खाली आला आणि कॅन्सस सिटी चीफ्सने त्याला घेतले. पुढे तो लीगमधल्या सर्वोत्तम सेंटरपैकी एक ठरला. हे कळायला मागाहून सुचलेले शहाणपण लागत नाही. हम्फ्री हा अनुभवी, अस्सल सेंटर होता आणि बेंगल्सला मधल्या तीन जागांसाठी तयार माणूस हवा होता, हे त्या रात्रीही दिसत होते.

आणि आता २०१५. त्या वर्षी बेंगल्सची फळी लीगमधल्या चांगल्या फळ्यांत मोजली जात होती. अँड्र्यू व्हिटवर्थ डावीकडे आणि केव्हिन झाइटलर उजव्या गार्डला होता. संघाने पुढचा विचार करून पहिल्या दोन फेऱ्यांत सेड्रिक ओग्बुएही आणि जेक फिशर हे दोन टॅकल घेतले. विचार चांगला होता, पण दोघेही अपेक्षेप्रमाणे घडले नाहीत. तरीही २०१७ मध्ये व्हिटवर्थ आणि झाइटलर या दोघांनाही जाऊ दिले गेले. पस्तिशीतल्या टॅकलला मोठा करार कशाला, हा हिशेब कागदावर पटण्यासारखा होता. पण तो व्हिटवर्थ पुढे पाच हंगाम रॅम्सकडून खेळला, आणि २०२२ च्या त्या सुपर बोलमध्ये वयाच्या चाळिशीत तोच रॅम्सचा लेफ्ट टॅकल होता. बेंगल्सच्या चाहत्यांना ही गोष्ट अजून बोचते, आणि ती बोचायलाच हवी. २०१८ मध्ये संघ पुन्हा सेंटरच्या शोधात होता. २० व्या क्रमांकावर डेट्रॉइट लायन्सने फ्रँक रॅगनाउ घेतला आणि लगेच २१ व्या क्रमांकावर बेंगल्सला बिली प्राइसवर समाधान मानावे लागले. रॅगनाउ ऑल-प्रो, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीतला, झाला. प्राइस तीन वर्षांत संघाबाहेर गेला. २०१९ मध्ये ११ व्या क्रमांकावर जोना विल्यम्स आला आणि खांद्याच्या दुखापतीने त्याचा पहिला हंगाम पूर्ण वाया गेला.

हा इतिहास एवढ्यासाठी सांगितला की बेंगल्सने लाइनवर निवडी खर्च केल्या नाहीत हा आरोप खोटा आहे. २०१५ ते २०१९ या पाच वर्षांत त्यांनी पहिल्या फेरीतल्या तीन निवडी याच फळीवर खर्च केल्या. फळी तरीही उभी राहिली नाही, कारण निवडींची संख्या वाढवून पाच जणांचा मेळ तयार होत नाही.

हा मेळ म्हणजे नेमके काय, ते एका उदाहरणाने दाखवतो. बचाव फळीची सर्वांत नेहमीची चाल म्हणजे स्टंट. समजा डावीकडे आतला डिफेन्सिव्ह टॅकल सरळ न येता तिरका बाहेर धावतो आणि आमच्या लेफ्ट टॅकलच्या खांद्यावर आदळतो; त्याच वेळी टोकाचा डिफेन्सिव्ह एंड त्याच्या पाठीमागून वळसा घेऊन आत घुसतो. आमच्या गार्डने त्या तिरक्या जाणाऱ्या माणसाला हात लावून थोडे अंतर सोबत जायचे, तो टॅकलच्या छातीपर्यंत पोहोचला की त्याला सोडायचे, आणि नजर लगेच आत आणून वळसा घेऊन येणाऱ्याला गाठायचे. हे सगळे सेकंदभरात घडते. यातली खरी अट अशी की स्नॅपनंतर गार्ड आणि टॅकल सारख्याच खोलीवर मागे सरकलेले असले पाहिजेत. टॅकल अर्धा यार्ड जास्त मागे गेला असेल, तर बचावपटू त्या दोघांमधल्या पायरीतून घुसतो. गार्ड मागे राहिला असेल, तर दोघे एकमेकांवर आपटतात आणि तिसरा मोकळा सुटतो. कबड्डीत साखळी धरलेल्यांपैकी एकाने पाऊल चुकवले की शेजारचाही उघडा पडतो, तसेच हे आहे. गार्डने त्या माणसाला कधी सोडायचे, हे मी फळ्यावर काढून दाखवू शकतो, पण ते अंगात यायला त्याच शेजाऱ्याबरोबर शेकडो वेळा तीच हालचाल करावी लागते. टॅकल कितीही गुणवान असला, तरी शेजारचा गार्ड दर महिन्याला बदलत असेल तर त्याच्या गुणांचा अर्धा भाग वायाच जातो.

आणि हा सराव आता मिळणे अवघड झाले आहे. लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या २०११ च्या करारापासून एनएफएलमध्ये साखळी हंगामात पॅड घालून फक्त १४ सराव घेता येतात. रिसीव्हरला पॅडशिवाय बरेच काही शिकता येते. लाइनमनला समोरच्याच्या वजनाखाली पाय रोवायला पॅडशिवाय शिकवता येत नाही. त्यातच आजच्या अनेक कॉलेज संघांत चेंडू झटपट सुटतो, त्यामुळे तिथून येणाऱ्या मुलांनी तीन सेकंद पॉकेट (क्वार्टरबॅकभोवतीची सुरक्षित जागा) सांभाळण्याचे काम फारसे केलेलेच नसते. म्हणून कॉलेजचे चित्रीकरण पाहताना मी त्या मुलाने किती जणांना आडवे केले ते मोजत नाही. पहिल्या धक्क्यात हरल्यावर तो काय करतो, ते पाहतो. समोरच्याने छातीत हात घालून मागे रेटले, तर तो कंबर खाली घेऊन दोन पावलांत थांबतो का? हात निसटले तर ते पुन्हा आत आणतो का? तिसऱ्या क्वार्टरनंतर दमलेला असताना त्याचे डोके खाली जाते का? हाताची लांबी हा चाहत्यांचा आवडता मुद्दा आहे आणि ती महत्त्वाची आहेच, पण २०२१ मध्येच ३३ इंच हातांमुळे ज्याला गार्ड करा असे अनेक जण म्हणत होते, तो रशॉन स्लेटर १३ व्या क्रमांकावर चार्जर्सकडे जाऊन पहिल्याच वर्षी लेफ्ट टॅकल म्हणून ‘प्रो बोल’ या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला.

फळी खरोखर कशी बांधावी याचे सर्वांत चांगले उदाहरण त्याच वर्षीचे आणि चीफ्सचे आहे. ७ फेब्रुवारी २०२१ च्या सुपर बोलमध्ये त्यांचे दोन्ही नेहमीचे टॅकल, एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ, जायबंदी होते. टॅम्पा बेने चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स याला मैदानभर पळवले आणि चीफ्स ९-३१ असे हरले. त्यानंतर त्यांनी एका टॅकलवर आशा ठेवली नाही. जो थूनी या गार्डला पाच वर्षांसाठी ८ कोटी डॉलरचा करार दिला. पहिल्या फेरीतली ३१ वी निवड आणि आणखी काही निवडी देऊन बाल्टिमोरकडून ऑर्लँडो ब्राउन ज्युनियर हा तयार टॅकल आणला. ६३ व्या क्रमांकावर हम्फ्री घेतला. आणि सहाव्या फेरीत, २२६ व्या क्रमांकावर, ट्रे स्मिथ हा गार्ड उचलला. कॉलेजात असताना त्याच्या फुप्फुसांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या, म्हणून बहुतेक संघांनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. पुढचा हंगाम सुरू झाला तेव्हा पाचही जागांवर नवी माणसे होती, आणि त्यांतल्या मधल्या तीन जागा वर्षानुवर्षे भक्कम राहतील अशा भरल्या गेल्या होत्या.

इथे एक तपशील मला फार बोलका वाटतो. टॅम्पाविरुद्धच्या त्या रात्री राइट टॅकलला अँड्र्यू वायली होता आणि त्याची फार टीका झाली. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी फिलाडेल्फिया ईगल्सविरुद्धच्या सुपर बोलमध्येही राइट टॅकलला वायलीच होता. ईगल्सने त्या हंगामात ७० सॅक केले होते, त्यांतले १६ एकट्या हासन रेडिकचे. त्या दिवशी महोम्स एकदाही सॅक झाला नाही आणि चीफ्स ३८-३५ असे जिंकले. मैदान निसरडे होते आणि त्याचा टोकाकडून येणाऱ्यांना त्रास झाला, हे नोंदवले पाहिजे. चेंडूही लवकर सुटत होता. तरीही मुख्य फरक माझ्या मते वायलीच्या शेजारी होता. आत स्मिथ, हम्फ्री आणि थूनी भक्कम असल्यामुळे महोम्सला पुढे पाऊल टाकायला जागा मिळत होती, आणि क्वार्टरबॅक पुढे सरकला की टोकावरून वळसा घेणारा त्याच्या मागून निघून जातो. मधला भाग भक्कम असेल तर साधारण टॅकल पुरेसा ठरतो. मधला भाग कोसळला तर उत्तम टॅकलही काही करू शकत नाही, कारण क्वार्टरबॅक मागे सरकत थेट त्याने सांभाळलेल्या माणसाच्या हातात जातो.

सूएलबद्दलही न्यायाने बोलायला हवे. तो सातव्या क्रमांकावर लायन्सकडे गेला, आणि तिथे त्याला टेलर डेकर आणि रॅगनाउ हे आधीच जम बसलेले शेजारी मिळाले. त्याला उजवीकडे खेळवायचे ठरले होते, पण डेकरच्या बोटाला दुखापत झाल्यामुळे पहिले आठ सामने तो डावीकडे खेळला आणि मग पुन्हा उजवीकडे आला. बाजू बदलणे हे बाहेरून वाटते तेवढे सोपे नसते. मागचा पाय, पहिला हात, वजन टाकण्याची दिशा सगळे उलटे होते. इतके करून तो २०२३ मध्ये ऑल-प्रो ठरला आणि २०२४ मध्ये त्याला चार वर्षांसाठी ११ कोटी २० लाख डॉलरचा करार मिळाला. लायन्सला सूएल हवाच होता, कारण त्यांच्या फळीत नेमकी तीच जागा रिकामी होती. बेंगल्सची रिकामी जागा वेगळी होती. एकाच खेळाडूबद्दल दोन संघांची दोन उत्तरे बरोबर असू शकतात, हे ड्राफ्टच्या वादात फार लवकर विसरले जाते.

पहिल्या फेरीतला टॅकल म्हणजे खात्रीचा माल, हा समजही सोडावा. २०१३ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलेला लूक जोकेल टॅकल म्हणून टिकला नाही. उलट पुढे नावाजलेला सेंटर ठरलेला जेसन केल्सी २०११ मध्ये सहाव्या फेरीत, १९१ व्या क्रमांकावर आला होता.

बेंगल्सने २०२२ मध्ये आपली चूक ओळखली. अ‍ॅलेक्स कॅपा गार्डला, टेड कॅरस सेंटरला आणि लाएल कॉलिन्स उजव्या टॅकलला असे तीन अनुभवी खेळाडू एकाच उन्हाळ्यात आणले. पहिल्या दोन सामन्यांत बरो १३ वेळा सॅक झाला आणि चाहत्यांनी पुन्हा बोटे मोडायला सुरुवात केली. नव्या पाच जणांनी एकत्र खेळण्याचे ते पहिलेच दोन आठवडे होते. उरलेल्या चौदा सामन्यांत मिळून २८ सॅक झाले, म्हणजे सामन्यामागे साडेसहावरून बरोबर दोनवर आले. माणसे तीच होती. त्यांच्या पावलांची खोली जुळू लागली होती.

मग हंगामाच्या शेवटी कॉलिन्स, कॅपा आणि विल्यम्स असे पाचांतले तिघे एकापाठोपाठ जायबंदी झाले आणि कॅन्सस सिटीत कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात (सुपर बोलच्या आधीच्या फेरीत) बरो पुन्हा ५ वेळा सॅक झाला. बेंगल्स २०-२३ असे हरले. म्हणून तुमच्या प्रश्नात नसलेला एक मुद्दा जोडतो : फळी पाच जणांची दिसते, पण बांधायची असते ती आठ जणांची. २०२० च्या करारात एक तरतूद आहे, की संघाने सामन्याला किमान आठ ऑफेन्सिव्ह लाइनमन तयार ठेवले तर त्याला एरवीच्या ४७ ऐवजी ४८ खेळाडू उतरवता येतात. ती अठ्ठेचाळिसावी जागा कोणाला द्यायची याचा विचार एप्रिलमध्येच व्हायला हवा. माझ्या हाती बेंगल्सचा २०२१ चा ड्राफ्ट असता, तर मी पाचव्या क्रमांकावर चेस घेतला असता, ३८ वा क्रमांक न विकता तिथेच मधला लाइनमन घेतला असता, आणि चौथ्या किंवा पाचव्या फेरीत असा मुलगा शोधला असता जो दोन्ही गार्ड आणि सेंटर अशा तिन्ही जागा बऱ्यापैकी सांभाळू शकतो. असा मुलगा पहिल्या दिवशी कोणाच्या चर्चेत नसतो, पण जानेवारीत तिसरा माणूस पडल्यावर त्या जागेवर त्यालाच उभे राहावे लागते.